लाट कोणाच्या हिश्श्याची?

सफर या शब्दाला आपल्या घरांत एक वजन आहे. मुसाफिराला नमाज कस्र करण्याची सवलत आहे, रोजा पुढे ढकलण्याची मुभा आहे. जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत वाटेवर अडलेला माणूसही आहे. धर्माने प्रवाशाला इतके दिले, तसे त्याच्याकडून काही मागितलेही. १९९५ पर्यंत मुंबई बंदरातून हजची जहाजे सुटत. त्या काळात कोकणातल्या किंवा देशावरच्या एखाद्या गावातून हजला निघणारा माणूस कितीतरी आधीपासून तयारीला लागे. पण ती तयारी म्हणजे तिकीट, एहराम आणि शिधा एवढीच नसे. कुणाचे देणे राहिले आहे, कुणाशी बांधावरून वाद झाला होता, बहिणीचा वाटा तिला पोचला की नाही, हे आधी पाहिले जाई. मग हाजीसाहेब घरोघर जाऊन 'कहासुना माफ करा' म्हणत. मागचा हिशेब चुकता केल्याशिवाय पुढचे पाऊल टाकायचे नाही, असा तो रिवाज होता.

समुद्राशी आपले नाते तसे जुने असले तरी ते बहुतेक पोटाचे होते, नाहीतर फर्जाचे. कोकणातले मुसलमान पिढ्यानपिढ्या खलाशी म्हणून जहाजांवर गेले, तांडेल झाले, मग आखातात गेले. समुद्र ओलांडायचा तो कमवायला किंवा हजला. मौजेखातर समुद्र ओलांडणे ही गोष्ट आपल्याकडे अलीकडची. पण आता ती आली आहे. पुण्या-मुंबईत, बंगळूरला, दुबईला नोकरी करणारी आपली मुले सुट्टीत कर्नाटकातल्या मुल्कीला किंवा चेन्नईजवळच्या कोवलमला जाऊन सर्फिंग शिकतात. फळीवर उभे राहून लाटेच्या अंगावरून घसरत जाण्याचा तो खेळ एकदा अंगात भिनला की त्यांची नजर नकाशावर आणखी खाली जाते. मालदीव दिसते. त्याही खाली, विषुववृत्तालगत, हुवाधूसारखी दूरची प्रवाळबेटे दिसतात. मग चारसहा मित्र मिळून बेत आखतात. महिना कुठला, विमान कुठले, बोट घ्यायची की बेटावर राहायचे, माणशी खर्च किती.

हा बेत कानावर आला की घरातली वडीलधारी मंडळी दोन गोष्टींपैकी एक बोलतात. एक, ही फजूलखर्ची आहे, पाण्यात उड्या मारायला कुणी इतक्या दूर जाते का. दोन, जाऊ दे, वय आहे, आणि मुसलमानांचाच तर मुलूख आहे, खाण्यापिण्याची तरी चिंता नाही. आम्हाला वाटते की या दोन्ही उत्तरांत खरा प्रश्न राहूनच जातो. खेळ वाईट नाही. पैगंबर (स.) यांनी हजरत आयेशा यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावल्याचे हदीसमध्ये आले आहे. मुलांना पोहायला शिकवावे, हा सल्ला हजरत उमर (र.) यांच्या नावे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यामुळे खेळाला निघालेल्या मुलाला अडवण्याचे कारण नाही. त्याला विचारायचे ते हेच, की जिथे निघालास तिथल्या माणसांचे तू काय देणे लागतोस? हाजीसाहेब आपल्या गावातली देणी फेडून निघत. मौजेच्या सफरीत देणे तयार होते ते पोचल्यावर, आणि ते ज्यांचे, त्यांना आपण ओळखतही नसतो. म्हणून त्याचा विचार निघण्याआधी, बेत आखतानाच करावा लागतो.

मालदीवचेच उदाहरण घेऊ. सुमारे बाराशे बेटे, त्यांतली दोनशेच्या आसपास वस्तीची. सगळा देश समुद्रसपाटीपासून जेमतेम उंच, सर्वांत उंच नैसर्गिक जागाही अडीच मीटरच्या आतबाहेर. बाराव्या शतकात इथल्या राजाने इस्लाम स्वीकारला आणि २००८ च्या राज्यघटनेप्रमाणे इथला नागरिक मुसलमानच असतो. मालेमधली प्रवाळी दगडाची जुनी जुमा मशीद १६५८ ची. 'अॅटॉल' हा शब्द जगाला इथल्याच दिवेही भाषेने दिला. त्यांच्या होडीला 'धोनी' म्हणतात, हा शब्द आपल्या 'डोणी'जवळचा वाटतो.

इथल्या लाटा इथल्या नव्हेत, ही पहिली लक्षात घेण्याजोगी गोष्ट. भारतात नैऋत्य मोसमी पाऊस असतो त्या काळात हिंदी महासागराच्या अगदी दक्षिणेला, बर्फाळ प्रदेशाच्या अलीकडे, थंडीची वादळे उठतात. त्यांनी हलवलेले पाणी हजारो किलोमीटर चालत वर येते. वाटेत त्याला जमीन आडवी येत नाही. मालदीवच्या प्रवाळखडकाला ते धडकते, खडकांमधल्या खिंडीतून वळते आणि तिथे खडकाच्या उतारावर लाट एका रेषेत उलगडत जाते. सर्फर याच उलगडण्याच्या शोधात येतो. एप्रिल ते ऑक्टोबर हा त्याचा मोसम. ही लाट कुणी पेरली नाही, कुणी खणली नाही. ज्या खडकावर ती फुटते तो असंख्य सूक्ष्म जीवांनी हजारो वर्षांत रचला. माणसाच्या मेहनतीचा अंश नसलेल्या वस्तूवर माणसाचा हक्क कसा लागतो, हा प्रश्न इथेच सुरू होतो.

या लाटांचा आधुनिक इतिहास एका जहाजफुटीपासून धरतात. १९७३ मध्ये टोनी हाइंड नावाचा एक ऑस्ट्रेलियन तरुण आपल्या सोबत्याबरोबर शिडाच्या जहाजातून जात असता उत्तर माले अॅटॉलच्या खडकावर ते जहाज आपटले. बेटावरच्या लोकांनी त्यांना आधार दिला. जहाज दुरुस्त करता करता त्याला आजूबाजूच्या लाटा दिसल्या आणि तो तिथेच राहिला. त्याने इस्लाम स्वीकारला, हुसेन हे नाव घेतले, तिथल्याच मुलीशी लग्न केले, मालदीवचा नागरिक झाला. या लाटांची वार्ता त्याने कितीतरी वर्षे बाहेर जाऊ दिली नाही. पुढे त्यानेच सर्फरांना आणणारी संस्था काढली. 'पास्ता पॉइंट' या नावाने प्रसिद्ध असलेल्या लाटेशेजारच्या रिसॉर्टमध्ये मोजकेच सर्फर उतरत आणि ती लाट त्यांच्यापुरतीच राखलेली असे. २००८ च्या मे महिन्यात त्याच ठिकाणी सर्फिंग करत असताना हुसेन यांना मृत्यू आला. त्यांच्या हयातीत एक संपूर्ण प्रश्न सामावला आहे. संकटात सापडलेला मुसाफिर म्हणून ते आले, बेटवाल्यांनी त्यांना काही न मागता आपलेसे केले. आणि त्यांनी शोधलेल्या लाटेवर पुढे खोलीचे भाडे भरणाऱ्याचाच प्रवेश होऊ लागला.

यात हुसेन यांच्यावर ठपका ठेवण्याचा हेतू नाही. देशाचे पर्यटनच त्या पद्धतीने उभे होते. पहिले रिसॉर्ट १९७२ मध्ये सुरू झाले. एका बेटावर एक रिसॉर्ट आणि पाहुण्यांनी वस्तीच्या बेटांपासून दूर राहायचे, असा नियम पुढे घट्ट झाला. बेटवासीयांच्या दीनधर्माला धक्का लागू नये, असे त्याचे कारण दिले जाई. ते खोटे नव्हते, पण त्यामुळे पाहुण्यांचा पैसाही वस्तीच्या बेटांवर फारसा उतरत नसे. २००८ नंतर सत्ता बदलली आणि वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउस काढण्याची परवानगी मिळाली. थुलुसधू, हिम्माफुशी अशा बेटांवर घरगुती गेस्टहाउसे झाली. थुलुसधूजवळ कोकाकोलाचा कारखाना, म्हणून तिथल्या लाटेला बाहेरच्यांनी 'कोक्स' म्हटले. हिम्माफुशीला तुरुंग होता, म्हणून तिथली लाट 'जेलब्रेक्स'. दिवेही भाषेत लाटेला 'राल्हू' म्हणतात. पण बेत आखणाऱ्या मुलाच्या वहीत लाटेचे हे नाव नसते.

दरम्यान मालदीवची मुलेही सर्फिंग शिकली. राजधानी मालेच्या पूर्व टोकाला 'राल्हुगंडू' नावाची जागा आहे. शहरात दाटीने राहणाऱ्या पोरांचे हे एकमेव अंगण. २०१८ मध्ये मालेला विमानतळाच्या बेटाशी जोडणारा पूल याच टोकावरून गेला. पुढे थांबुरुधू या निर्मनुष्य बेटावर सर्फिंगचे रिसॉर्ट उभारण्याची योजना २०१० च्या दशकात आली, तेव्हा स्थानिक सर्फरांनी तिला विरोध केला. त्या बेटाच्या कडेला दोन उत्तम लाटा आहेत. रिसॉर्ट झाले की त्या पाहुण्यांपुरत्या राखल्या जातील आणि आपल्याच समुद्रात आपल्याला मज्जाव होईल, ही त्यांची भीती होती. हे घडले तो देश मुसलमानांचा, नियम करणारे मुसलमान, अडवले जाणारे पोरगेही मुसलमान. 'मुसलमानांचाच मुलूख आहे' म्हणणाऱ्याने याचा विचार करावा.

पाणी, गवत आणि विस्तव या तीन वस्तूंत सगळ्यांची भागीदारी आहे, असा पैगंबर (स.) यांचा शब्द हदीसमध्ये आला आहे. आपण तो व्याख्यानांत पुष्कळ वेळा ऐकतो. फकीहांनी त्यावर बारकाईने विचार केला. ज्याने स्वतः विहीर खणली त्याचा तिच्यावर हक्क मानला, पण तहानलेल्या माणसाला आणि जनावराला तिथून हाकलता येणार नाही, असेही म्हटले. मग जे पाणी कुणीच खणलेले नाही त्याचे काय? लाट साठवता येत नाही, घागरीत भरून नेता येत नाही. ती फुटली की संपली आणि मागून दुसरी आलीच. विकणारा नेमके काय विकतो, असे विचारले तर उत्तर एकच येते. तो दुसऱ्याला तिथे येऊ देत नाही. त्याचा माल म्हणजे दुसऱ्याची मनाई.

यावर एक वाजवी हरकत आहे. लाट सगळ्यांना मोकळी सोडली तर गर्दी होते. एका लाटेवर एकच जण नीट स्वार होऊ शकतो. पन्नास जण एकाच वेळी पाण्यात उतरले तर फळ्या एकमेकांवर आपटतात, माणसे खडकावर फेकली जातात, भांडणे होतात, खडकाचीही नासधूस होते. म्हणजे काहीतरी मर्यादा हवीच. रिसॉर्टवाले म्हणतात, मर्यादा आम्ही घालतो, म्हणून लाट शाबूत आहे. हे उडवून लावण्यासारखे नाही.

मर्यादा घालण्याची कल्पना आपल्या परंपरेलाही परकी नाही. 'हिमा' म्हणजे राखीव कुरण. पैगंबरांच्या काळी आणि खलिफांच्या काळीही काही कुरणे सार्वजनिक कामाच्या जनावरांसाठी राखली गेली होती. हजरत उमर यांनी अशा एका कुरणावर हुनय नावाचा राखणदार नेमला आणि त्याला जी ताकीद दिली ती बुखारीत नोंदली आहे. तिचा आशय असा. ज्याच्याकडे थोडे उंट आणि थोडी शेळ्यामेंढरे आहेत त्याला आत येऊ दे. पण अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान बिन अफ्फान यांच्या कळपांपासून सावध राहा. त्यांची जनावरे मेली तरी त्यांना शेत आहे, खजुरीच्या बागा आहेत. गरिबाची मेली तर तो पोरेबाळे घेऊन माझ्या दारात येईल. लक्षात घ्या, ज्यांना अडवायला सांगितले ते दोघेही थोर सहाबी होते आणि त्यांतले एक पुढे खलिफा झाले. त्यांच्या दर्जाविषयी शंका नव्हती. तरी कुंपणाच्या बाहेर कोणी राहायचे, हे ठरवताना उमर यांनी दुसरीकडे कुणाला आसरा आहे एवढेच पाहिले.

या कसोटीवर राखीव लाट लावून पाहा. मुंबईहून किंवा सिडनीहून येणाऱ्याला जगभरचे किनारे आहेत. बेटावरच्या मुलाला तेवढाच एक खडक. मर्यादा घालायचीच तर आधी बाहेरच्याला घालावी लागेल. पैशाने राखलेल्या लाटेवर क्रम उलटा होतो. ज्याच्याकडे जास्त तो आत, ज्याला दुसरे काहीच नाही तो बाहेर. तेव्हा मर्यादा हवी की नको, यावर वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. ती कुणासाठी घातली आणि दोरीच्या पलीकडे कोण उभा राहिला, हे पाहावे.

मालकी मोडली की प्रश्न सुटतो, असेही नाही. पॅसिफिकमधल्या फिजी बेटांवर 'क्लाउडब्रेक' ही जगप्रसिद्ध लाट बरीच वर्षे रिसॉर्टच्या पाहुण्यांपुरती होती. पण तिथे खडकावर आणि मासेमारीवर मूळच्या कुळांचा परंपरागत हक्क होता आणि रिसॉर्ट त्या कुळांना पैसे देत असे. २०१० मध्ये तिथल्या लष्करी राजवटीने फर्मान काढून लाटा सगळ्यांना खुल्या केल्या. सर्फरांनी आनंद व्यक्त केला. पण त्याच फर्मानाने कुळांचा त्या जागेवरचा हक्कही भरपाईशिवाय गेला. 'सर्वांचे' हा शब्द मोठा आहे आणि त्याच्या आड गरिबाचा वाटा सहज गिळता येतो. आपल्याकडे गावच्या गायरानांचे काय झाले, हे आठवले की ही गोष्ट समजायला फिजीपर्यंत जावे लागत नाही.

लाटेखेरीज बाकीची देणीही आहेत. त्यांत पहिले गोड्या पाण्याचे. खारे अंग धुवायला सर्फरला दिवसातून दोन वेळा भरपूर गोडे पाणी लागते. या बेटांवर नदी नाही. बेटाखालचा गोड्या पाण्याचा थर पातळ असतो आणि वापरायचे पाणी मुख्यतः पावसाचे किंवा समुद्राच्या पाण्यातून मीठ काढून केलेले. त्यासाठी वीज लागते आणि वीज बहुतांशी डिझेलवर. डिसेंबर २०१४ मध्ये मालेच्या पाणी प्रकल्पाला आग लागली आणि राजधानीचे नळ कोरडे पडले. तेव्हा भारताने विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पाणी पाठवले. सभोवती समुद्र आणि प्यायला घोट नाही, अशी ती अवस्था होती. वजूचे पाणी नदीकाठीही वाया घालवू नये, असे ज्यांना लहानपणी शिकवले गेले, त्यांना बेटावरच्या नळाखाली किती वेळ उभे राहायचे, हे वेगळे सांगायला नको. कचऱ्याचेही तसेच. आपण नेलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या बेटावर विरून जात नाहीत. मालेजवळचे थिलाफुशी हे बेट कचऱ्याची भर घालूनच वाढले आहे.

मग मजुराचे देणे. मालदीवमधली बांधकामे, हॉटेलांतली झाडलोट, बोटींवरची हमाली मोठ्या प्रमाणावर बांगलादेशी मजूर करतात. बेत आखताना आपली मुले तीन गेस्टहाउसांचे भाव काढतात आणि सर्वांत कमी भाव सांगणाऱ्याशी आणखी घासाघीस करतात. व्यवहार म्हणून त्यात वावगे नाही. पण त्या कमी भावाचा भार शेवटी कुणाच्या पगारावर पडतो? मजुराची मजुरी त्याचा घाम सुकण्याआधी द्या, ही हदीस आपल्या मुलांना पाठ असते. भाव कमी करून मिळाला की तिची आठवण कुणाला होत नाही.

पेहरावाचा प्रश्न नाजूक आहे, पण टाळता येणार नाही. वस्तीच्या बेटांवर परदेशी बायकांसाठी 'बिकिनी बीच' म्हणून किनाऱ्याचा एक तुकडा वेगळा काढलेला असतो, पुष्कळदा झावळ्यांचा आडोसा करून. एकाच बेटावर आडोशाच्या अलीकडे एक कायदा, पलीकडे दुसरा. या बेटांना असा पेच नवा नाही. १३४३ मध्ये इब्न बतूता इथे आला, त्याला काजी नेमण्यात आले. बेटावरच्या बायका कमरेवर वस्त्र घेत नाहीत, हे पाहून त्याने त्यांना अंग झाकायला लावण्याचा प्रयत्न केला. आपल्या न्यायसभेपुरते सोडून त्यात यश आले नाही, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले. पाहुणा काजी झाला की काय होते, याचा हा नमुना. आज पाहुण्यांची इच्छा उलट दिशेची आहे. यात बेटावरच्या बाईला काय हवे, हे तेव्हाही कुणी विचारले नव्हते. आता तिथल्या काही मुली स्वतः फळी घेऊन पाण्यात उतरतात, आपापल्या पसंतीच्या कपड्यांत. त्यांच्याकडे पाहून आपल्या मुलांनी शेरे मारू नयेत, आणि 'इस्लामी देशात हे कसे चालते' म्हणून काजीही होऊ नये. पाहुण्याने यजमानाच्या घरात न्यायनिवाडा करत बसू नये, एवढी रीत दोन्ही बाजूंना पुरेशी आहे.

रमजानविषयी एक शब्द. २०१० ते २०१९ या वर्षांत रमजान सर्फिंगच्या मोसमातच येत असे. दिवसा उपाहारगृहे बंद, बोटीवाले रोजेदार. अनेक प्रवाशांना ती गैरसोय वाटे. आपल्या मुलांना मुसाफिर म्हणून रोजा पुढे ढकलण्याची मुभा आहे, हे खरे. पण ही सवलत प्रवासाच्या त्रासासाठी दिलेली. रोजा धरून बोट हाकणाऱ्या तांडेलासमोर बसून आपण डबा उघडायचा की नाही, हे मुभेवर ठरत नाही, अदबीवर ठरते.

सगळ्यांत अवघड देणे विमानाचे. १९९८ आणि २०१६ मध्ये समुद्र तापून मालदीवमधले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. प्रवाळ मेला की खडक झिजतो, खडक झिजला की लाटेचा आकार जातो आणि बेटाचा बांधही. ऑक्टोबर २००९ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने पाण्याखाली बैठक घेतली ती जगाला हेच सांगण्यासाठी. ज्या इंधनाने आपण लाटेपर्यंत पोचतो, तेच थोडेथोडे करून तिला संपवते. या देण्याची फेड कुठल्याच गेस्टहाउसच्या बिलात होत नाही. मग जाऊच नये का? आम्ही तसे म्हणणार नाही. मालदीवच्या लोकांचा चरितार्थ पाहुण्यांवर आहे, २०२४ मध्ये वीस लाखांहून अधिक पाहुणे तिथे गेले, आणि आपण न गेल्याने ते उपाशी राहण्याखेरीज काही साधणार नाही. पण दरवर्षी चार दिवसांसाठी उडत जाणे आणि काही वर्षांतून एकदा जाऊन तीन आठवडे राहणे, यांत फरक आहे. राहिलेल्या माणसाला शेजारी भेटतात.

आणि शेजारी दिसला की काय होऊ शकते, याचेही एक उदाहरण आहे. इंडोनेशियात सुमात्राच्या पश्चिमेला मेंतावाई बेटे आहेत. पाडांगहून रात्रभर बोटीने जावे लागे. सर्फरांच्या मते तिथल्या लाटा जगात अव्वल. श्रीमंत सर्फर भाड्याच्या बोटीतच राहात, लाटेवरून बोटीत आणि बोटीतून लाटेवर. डेव्ह जेंकिन्स नावाचे न्यूझीलंडचे डॉक्टर १९९९ मध्ये तिथे असेच सुट्टीला गेले. ते किनाऱ्यावर उतरून गावात गेले, तेव्हा मलेरियाने मरणारी मुले त्यांना दिसली. औषधांनी, मच्छरदाणीने वाचू शकणारी मुले. दुसऱ्या वर्षी त्यांनी या कामासाठी 'सर्फएड' ही संस्था काढली. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये त्याच बेटांवर त्सुनामी येऊन चारशेहून अधिक माणसे गेली, तेव्हाही ती संस्था मदतीला होती. मेंतावाईचे लोक बहुतेक ख्रिस्ती किंवा आपल्या जुन्या श्रद्धा जपणारे. शेजाऱ्याच्या हक्काला धर्माची अट नाही, हे आपण मानतो. जेंकिन्स यांच्याआधी किती बोटी त्याच किनाऱ्यासमोर नांगरून उभ्या होत्या! त्यांतल्या लोकांनी काही वाईट केले नाही. ते फक्त बोटीतून उतरले नाहीत.

म्हणून आम्हाला वाटते, नियत या शब्दाचा अर्थ आपण फार अरुंद करून घेतला आहे. मनात काय आहे ते अल्ला जाणतो, असे म्हणून आपण मोकळे होतो. सफरीत नियत दिसते ती आधी विचारलेल्या प्रश्नांत. गेस्टहाउसला भाव विचारताना आणखी चार ओळी लिहायला कितीसा वेळ लागतो? इथली लाट बेटावरच्या मुलांना खुली आहे का? वाट दाखवणारा आणि बोट चालवणारा बेटावरचाच आहे का? जुम्याच्या वेळी बोट मागितलेली चालते का? तिथली मुले पाण्यात उतरण्याची वेळ कुठली, म्हणजे ती सोडून आम्ही उतरू? पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' आले, तर दुसरी लाट शोधावी, मग ती थोडी उणी का असेना. हजला निघणाऱ्याचीही सगळी देणी फिटत नसत. कुणी माफ करी, कुणी तोंड फिरवी. तरी प्रत्येक दारात जाऊन विचारणे त्याने सोडले नाही.

हे सगळे दूरच्या बेटांविषयी झाले. एक बेटांचा समूह मात्र आपल्याच देशात आहे. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर जी महल भाषा बोलतात ती मालदीवच्या दिवेहीचीच बहीण. २०११ च्या जनगणनेत सगळ्या लक्षद्वीपची वस्ती चौसष्ट हजारांच्या आसपास, त्यांत शंभरातले शहाण्णवहून अधिक मुसलमान. तिथे जायला भारतीयालाही परवाना लागतो. २०२१ मध्ये विकासासाठी जमिनी घेण्याचे व्यापक अधिकार प्रशासनाला देणारा मसुदा आला, तेव्हा बेटवासीयांनी त्याला मोठा विरोध केला. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या लक्षद्वीप भेटीवर मालदीवच्या काही उपमंत्र्यांनी अनुचित शेरे मारले आणि आपल्याकडे 'मालदीव सोडा, लक्षद्वीपला चला' अशी हाकाटी झाली. ज्यांनी त्याआधी मिनिकॉयचे नाव ऐकले नव्हते, तेही तिथल्या किनाऱ्यांचे बेत आखू लागले. दोन देशांच्या भांडणात दोन्हीकडची बेटे दुकानातल्या मालासारखी समोरासमोर मांडली गेली. या बेटांना किती पाहुण्यांचे पाणी पुरेल, कुणाची जमीन जाईल, कुणाचा मासेमारीचा किनारा बंद होईल, हे विचारणारे थोडे निघाले.

मालदीवमध्ये आपण पाहुणे आहोत. तिथल्या नियमांवर आपली सत्ता नाही, आपल्या हाती फक्त आपला बेत. लक्षद्वीपमध्ये आपण नागरिक आहोत. तिथल्या लाटा, खडक आणि किनारे कुणासाठी राखायचे आणि दोरीच्या पलीकडे कुणाला उभे करायचे, हे अजून पुरते ठरलेले नाही. ते ठरवले जाईल तेव्हा आपले नाव घेऊन ठरवले जाईल, पर्यटक म्हणून आपल्याला काय हवे ते पुढे करून. आपली मुले तिथे फळी घेऊन जाण्याआधी हे बोलून ठेवलेले बरे, की बेटावरच्या पोराला बाहेर ठेवून राखलेली लाट आम्हाला नको.